तुल्य वाण

आमच्या क्लबात नव्या सदस्याचा परिचय करून द्यायला तीन मिनिटं मिळतात. नाव, गाव, शिक्षण, हुद्दे, कुटुंब, छंद. मग टाळ्या, छातीवर पिन आणि अध्यक्षांबरोबर फोटो. मी शाळेत मराठी शिकवलं, म्हणून हे काम बहुतेक वेळा माझ्याकडेच येतं. गेल्या अकरा वर्षांत वीसेक जणांचे परिचय मी करून दिले असतील. गेल्या सप्टेंबरात सेक्रेटरींनी असाच एक कागद हातात ठेवला. ‘निवृत्त ज्वारी पैदासकार, सेवा तेहतीस वर्षं.’ खाली बढत्यांची यादी तारखांसकट होती. कनिष्ठ संशोधन सहायक, वरिष्ठ संशोधन सहायक, सहायक प्राध्यापक, आणि शेवटी पैदासकार. कागद दोनदा वाचला, पण त्यातून माणूस काही दिसेना.

म्हणून रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, “साडेआठ झालेत ना, वर गेलेत. पाणी मोजतायत.” गच्चीवर हे पैदासकार, आमचे डॉक्टरसाहेब, पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या नळीत ओतून डोळ्यांच्या रेषेत धरून उभे होते. हवामान खात्याच्या शिस्तीप्रमाणे पाऊस सकाळी साडेआठलाच मोजायचा असतो. निवृत्तीनंतरही ही वेळ त्यांनी चुकवलेली नव्हती. “चौदा मिलिमीटर,” त्यांनी वहीत लिहिलं आणि मग माझ्याकडे वळले. “या मॅडम. चांगला झाला रात्री. ओल उतरली असेल. आता वाफसा आला की लोक तिफण जुंपतील.”

आमच्या सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जूनमध्ये थोडा येतो, जुलै-ऑगस्टमध्ये ओढ देतो आणि खरा सप्टेंबरात येतो. म्हणून इथलं मोठं पीक रब्बीचं. पंधरा सप्टेंबर ते पंधरा ऑक्टोबर हा ज्वारी पेरण्याचा काळ. पुढे चार महिने पाऊस जवळजवळ नसतो. काळ्या मातीने पोटात साठवून ठेवलेल्या ओलीवर पीक वाढतं, पोटऱ्यात येतं, निसवतं, दाणा भरतं. माती सुकायला लागली की तिला भेगा पडतात आणि त्या भेगांतून ओल उडून जाते. त्या बुजवण्यासाठी तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करायची. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं आमच्याकडे म्हणतात. मी या जिल्ह्यात जन्मले, वाढले आणि रोज भाकरी खाल्ली. तरी ही भाकरी सप्टेंबरच्या पावसाची आहे, हे मला त्या गच्चीवर पहिल्यांदा नीट कळलं.

खाली येऊन चहा झाला. मी वही उघडली आणि विचारलं, “सर, तुम्ही किती वाण काढले?”

ते थोडे अस्वस्थ झाले. “मॅडम, तेवढं ‘वाण काढला’ असं लिहू नका.”

मला वाटलं, विनय असेल. पण तो विनय नव्हता, हिशेब होता. त्यांनी तो मला उलगडून सांगितला. ज्वारीचं फूल साधारण स्वतःच्याच परागांनी फळतं. दोन वाणांचा संकर करायचा तर आदल्या संध्याकाळी एका कणसातली मोजकी फुलं ठेवून बाकीची छाटायची, उरलेल्यांमधले पुंकेसर चिमट्याने एकेक करून काढायचे आणि कणसावर कागदी पिशवी चढवायची. फुलं पहाटे उमलतात. सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग आणून त्यावर झटकायचे, पुन्हा पिशवी, पिशवीवर तारीख. त्यातून दाणे मिळतात ते मूठभर. ते पुढच्या रब्बीत पेरले की पहिली पिढी सगळी सारखी दिसते. दुसऱ्या पिढीत मात्र सगळे गुण फुटून वेगळे होतात. हजारो ताटं आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. त्यातली निवडायची, पुन्हा पेरायची, पुन्हा निवडायची. रब्बीचा हंगाम वर्षातून एकदाच येतो, त्यामुळे एक पिढी म्हणजे एक वर्ष. वाण स्थिर व्हायला सहा-सात वर्षं जातात. मग संशोधन केंद्रावरच्या चाचण्या, मग निरनिराळ्या जिल्ह्यांत, मग शेतकऱ्यांच्या रानात. शेवटी चारही कृषी विद्यापीठांच्या एकत्र बैठकीत, जॉइंट ॲग्रेस्कोत, आकडे मांडायचे. ते टिकले तर शिफारस.

“दहा-बारा वर्षं धरा,” ते म्हणाले. “मी रुजू झालो तेव्हा माझ्या हातात आली ती पाचवी पिढी. संकर केला होता माझ्या आधीच्या साहेबांनी, ते निवृत्त होऊन गेले होते. तो वाण प्रसारित झाला तेव्हा नाव माझं लागलं. आणि मी स्वतः जे संकर केले, त्यातला एक आता चाचणीत आहे. तो ज्या मुलीच्या हाताखाली आहे, ती मी संकर केला त्या वर्षी शाळेत असेल. मग वाण कोणी काढला म्हणायचं?”

ज्वारीच्या वाणांची नावं मी ऐकली ती त्यांच्या तोंडून. फुले माउली, फुले अनुराधा हलक्या जमिनीला. फुले सुचित्रा मध्यम जमिनीला. फुले वसुधा भारी जमिनीला. राहुरीचं विद्यापीठ १९६८ साली स्थापन झालं, त्याला महात्मा फुल्यांचं नाव आहे, म्हणून तिथल्या वाणांच्या नावाआधी ‘फुले’ लागतं. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहिणाऱ्या माणसाचं नाव आज बियाण्याच्या पिशवीवरून गावागावांत पोचतं. पैदासकाराचं नाव पिशवीवर नसतं. डॉक्टरसाहेबांना त्याची खंत दिसली नाही. त्यांना ते बरोबरच वाटत होतं.

बोलता बोलता त्यांनी एक शब्द वापरला, तो मी वहीत दोनदा गिरवला. तुल्य वाण. कुठल्याही चाचणीत नवा वाण एकटा पेरत नाहीत. त्याच्या शेजारी त्याच मातीत, त्याच दिवशी, तेवढ्याच अंतरावर एक जुना, पारखलेला वाण पेरतात. तो तुल्य वाण. नव्याने किती पीक दिलं, हा प्रश्न अपुरा असतो. शेजारच्या तुल्य वाणापेक्षा किती जास्त दिलं, हा खरा प्रश्न. पाऊस बरा झाला तर सगळंच चांगलं येतं, त्याचं श्रेय नव्याला द्यायचं नाही. रब्बी ज्वारीत पिढ्यानपिढ्या हे तुल्य वाणाचं काम केलं ते मालदांडी ३५-१ ने. स्वातंत्र्याच्या आधी मोहोळच्या केंद्रावर गावरान मालदांडीतून निवडलेला हा वाण. माझ्या वडिलांनीही तोच पेरला.

“मालदांडी हरत का नव्हती?” मी विचारलं.

ते हसले. “दाण्यात हरली हो पुष्कळदा. भाकरीत हरली नाही.”

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट त्यांनी सांगितली. चाचणीतल्या एका नव्या वाणाने दाण्याच्या उताऱ्यात मालदांडीला बरंच मागे टाकलं होतं. मोठ्या उमेदीने ते ज्यांच्या रानात चाचणी होती त्या घरी गेले. तिथल्या म्हाताऱ्या आजींनी त्यांच्यासमोर भाकरी थापली. कडा फाटत गेल्या. आजी म्हणाल्या, “सायेब, पीक लई आलं, पर पिठाला विरी न्हाई. सकाळची भाकरी सांजच्याला खाववंना. आन् कडबा बगा केवढुसा. बैलानं काय खावं?” डॉक्टरसाहेब केंद्रावर परत आले आणि त्यांनी फील्डबुकात दोन रकाने वाढवले : भाकरी आणि कडबा. त्या रकान्यांत आजींनी दिलेला निकाल लिहिला. तो वाण पुढे गेला नाही.

देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण, सीएसएच-१, १९६४ साली आला. खरिपात या बुटक्या, भरघोस ‘हायब्रीड’ने धान्याची कोठारं भरली. रब्बीत मात्र लोक मालदांडीला चिकटून राहिले. शहाण्या मंडळींना तो आडमुठेपणा वाटला. त्या एका घरी भाकरी खाल्लेल्या माणसाला तो निवाडा वाटला. घरात माणसं आणि गोठ्यात जनावरं अशा दोन पंगती बसवणारं पीक आहे हे, आणि मोजणी दोन्ही पंगतींची झाली पाहिजे.

हा हिशेबी स्वभाव कुठून आला, हे मी विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं. १९७२ साली ते दहा वर्षांचे होते. आईबरोबर दुष्काळी कामावर खडी उचलायला जात. दुपारी सुकडी मिळे. घरी अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोची भाकरी होई. “आई भाकरी मोजायची,” ते म्हणाले. “सहा माणसं, सात भाकरी. सातवी कोणाला, ते रोज ठरायचं. तेव्हापासून मोजल्याशिवाय मला काही खरं वाटत नाही.” काकू स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. भांड्यांचा आवाज तेवढा वेळ थांबला होता.

निघताना मी त्यांना आमच्या क्लबाचा वार्षिक अहवाल दिला. नव्या सदस्याला देतात तसा. त्यांनी तो मी असतानाच उघडला आणि शिसपेन्सिल हातात घेतली. तीनशे चष्म्यांचं वाटप. पाच शाळांना पाण्याच्या टाक्या. माळावरच्या टेकडीवर पाचशे रोपांची लागवड. प्रत्येक ओळीपुढे त्यांनी बारीक अक्षरात एकच शब्द लिहिला : ‘पुढे?’

मग अहवाल माझ्याकडे सरकवून अगदी साधेपणाने विचारलं, “मॅडम, ही पाचशे झाडं लावून किती वर्षं झाली?”

“दोन पावसाळे झाले. हा तिसरा.”

“म्हणजे दोन उन्हाळे काढले त्यांनी. किती आहेत?”

त्या उपक्रमाची प्रमुख मी होते. खड्डे खणून घेतले होते, रोपवाटिकेतून कडुनिंब, करंज, चिंच आणली होती, शाळेची मुलं नेली होती, टेकडीला तारेचं कुंपण करून घेतलं होतं. लागवडीच्या दिवसाचे फोटो माझ्याकडे आजही आहेत. पण किती आहेत, हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षांत मी त्या टेकडीवर गेले नव्हते. हे सांगताना मला फार लाज वाटली.

“चला, मोजू या,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कसलाही ठपका नव्हता. एखादी चाचणी काढणीला आली की जसं म्हणतात, तसं ते होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस मोजून झाल्यावर आम्ही टेकडीवर होतो. मी, ते, आणि माझे दोन जुने विद्यार्थी. डॉक्टरसाहेबांनी दोरीने टेकडीचे पट्टे आखले आणि फील्डबुकासारखी वही आखून मला दिली. आम्ही पट्ट्यापट्ट्याने चाललो. गवत कमरेइतकं वाढलं होतं, खड्डे शोधून काढावे लागत होते. साडेदहाला बेरीज झाली. पाचशेपैकी एकाहत्तर. त्यांतली अठ्ठेचाळीस खालच्या एकाच पट्ट्यात, जिथे कुंपणापलीकडे मेंढपाळांची वस्ती आहे. तिथल्या एका बाईने दोन्ही उन्हाळ्यांत भांडी धुतलेलं पाणी त्या रोपांना घातलं होतं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. “डोळ्याम्होरं सुकत्यात, बघवत न्हाई,” एवढंच ती म्हणाली.

मला वाटलं मोजणी संपली. डॉक्टरसाहेब मात्र टेकडीच्या दुसऱ्या अंगाला चालू लागले. तिथे आम्ही काहीच लावलं नव्हतं. त्या वर्षी पैसे संपले म्हणून तेवढा भाग तसाच राहिला होता. फक्त कुंपण पूर्ण टेकडीला होतं. त्यांनी तिथेही तेवढंच क्षेत्र दोरीने आखलं. “हा आपला तुल्य,” ते म्हणाले.

तिथे हिवर, बाभूळ, बोर आणि पाखरांनी टाकलेल्या बियांतून उगवलेले कडुनिंब होते, कमरेएवढे आणि त्याहून मोठे. एकशे बारा. कोणी खड्डा खणला नव्हता, कोणी पाणी घातलं नव्हतं. दोन वर्षं शेळ्या-मेंढ्यांचं तोंड लागलं नाही, एवढंच झालं होतं.

मी एका दगडावर बसले. त्या पाचशे रोपांच्या मागे किती लोकांचे हात होते ते आठवत राहिलं. डॉक्टरसाहेब शेजारी बसले आणि वहीतले दोन आकडे दाखवून म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नका. चाचणी फुकट गेलेली नाही. आता आपल्याला दोन गोष्टी माहीत झाल्या. इथे रोपापेक्षा कुंपण जास्त काम करतं. आणि रोप लावायचंच असेल, तर ज्याच्या दारातून ते दिसतं, त्याच्या दारासमोर लावायचं. हे दोन वर्षांपूर्वी कोणालाच माहीत नव्हतं.” तेहतीस वर्षांत त्यांनी टाकून दिलेल्या वाणांची संख्या हजारांत असेल. टाकून दिलेल्या प्रत्येकाने काय शिकवलं, ते वहीत लिहिलेलं असेल. हरलेल्या चाचणीला फुकट न म्हणणं हा त्यांच्या विद्येचा भागच होता.

त्या रात्री मी परिचय लिहायला बसले आणि मला आपल्या क्लबांचा इतिहास आठवला. शिकागोत २३ फेब्रुवारी १९०५ रोजी पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तिघांना एकत्र बोलावलं. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता, एक कपडे शिवणारा व्यावसायिक. बैठक आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत फिरायची, म्हणून नाव पडलं रोटरी. प्रत्येक व्यवसायातला एकेक माणूस घ्यायचा, ही त्यांची रीत. पुढे जगभर अशा सेवा क्लबांनी ती उचलली. आमच्याकडे डॉक्टर आहेत, वकील आहेत, अडते आहेत, बांधकामवाले आहेत. ज्वारीवर जगणाऱ्या तालुक्याच्या क्लबात ज्वारीचा माणूस मात्र इतकी वर्षं नव्हता. त्याची उणीव कोणाला भासली नाही, कारण त्याच्या विद्येची आम्हाला गरज आहे हेच ठाऊक नव्हतं.

पण सेवेच्या जगाला ही विद्या परकी नाही, हेही त्याच रात्री ध्यानात आलं. पोलिओच्या उच्चाटनाचा विडा रोटरीने १९८५ साली उचलला. भारतातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण सापडला १३ जानेवारी २०११ रोजी, पश्चिम बंगालमधल्या हावड्यात. त्या दिवशी कोणी विजय साजरा केला नाही, कारण तो शेवटचा आहे हे कोणाला माहीत नव्हतं. पुढची तीन वर्षं देशभर लुळ्या पडलेल्या प्रत्येक मुलाची तपासणी होत राहिली, मोजणी होत राहिली. मग २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. एकोणतीस वर्षं. क्लबाचा अध्यक्ष दर एक जुलैला बदलतो. म्हणजे जुन्या क्लबांत एकामागून एक जवळजवळ तीस अध्यक्षांनी हे काम पुढच्याच्या हाती दिलं. पहिल्या वर्षीच्या अध्यक्षाने जे पेरलं, ते त्याच्या कारकिर्दीत उगवलं नाही. डॉक्टरसाहेबांच्या पाचव्या पिढीसारखंच.

आमच्या जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचे दामाजीपंत सगळ्यांना ठाऊक आहेत. दुष्काळात त्यांनी बादशहाचं कोठार भुकेल्यांसाठी उघडलं, ही कथा आपण शतकानुशतकं सांगतो आणि सांगितलीच पाहिजे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला आज भौगोलिक मानांकनही आहे. पण ते कोठार भरलं कोणी, त्या ज्वारीचं बी कोणी निवडलं, कोणत्या वर्षी कोणतं कणीस बियाण्यासाठी बाजूला ठेवलं, हे कथेत नाही. दार उघडणाऱ्या हाताला धैर्य लागतं. कोठार भरणाऱ्या हाताला वर्षं लागतात. आपल्या समारंभांना पहिला हात दिसतो. मला शनिवारच्या सभेत दुसऱ्या हाताचा परिचय करून द्यायचा होता.

शनिवारी सभेत मी बढत्यांची यादी वाचली नाही. मी सांगितलं की हे गृहस्थ रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजतात. १९७२ साली त्यांच्या घरी सहा माणसांत सात भाकऱ्या होत. त्यांच्या फील्डबुकात भाकरीचा रकाना आहे. ‘वाण मी काढला’ असं ते म्हणू देत नाहीत, कारण त्यांच्या आधीच्यांचा आणि नंतरच्यांचा हिशेब त्यांना तोंडपाठ आहे. आणि मग मी टेकडीचे दोन आकडे सांगितले. एकाहत्तर आणि एकशे बारा. सभागृह गप्प झालं. अहवालात पाचशे छापणारी मीच होते, म्हणून एकाहत्तर सांगणंही माझंच काम होतं.

डॉक्टरसाहेब बोलायला उभे राहिले ते दोनच वाक्यं बोलले. “मला इथे काम करायला आवडेल. मोजणीचं काम असेल तर ते मला द्या.”

त्यांना ते काम दिलं आहे. यंदा आमच्या क्लबाने नवीन रोपं लावली नाहीत. तो पैसा कुंपणाच्या दुरुस्तीला आणि वस्तीवरच्या त्या बाईच्या मानधनाला गेला. गेल्या वर्षी दिलेल्या चष्म्यांपैकी किती आज नाकावर आहेत, हे दोन सदस्य घरोघरी जाऊन पाहत आहेत. अहवालात आता प्रत्येक कामापुढे ‘पुढे?’ असा एक रकाना असतो आणि तो तीन वर्षं भरावा लागतो. अध्यक्ष बदलला तरी.

तुमच्याही गावात असा एखादा निवृत्त माणूस असेल. कृषी खात्यातला, पाटबंधाऱ्यातला, प्रयोगशाळेतला. गच्चीवर पाऊस मोजणारा, जुन्या वह्या जपणारा. त्याला हार घालायला बोलावू नका. त्याच्या हातात तुमचा अहवाल द्या, एक शिसपेन्सिल द्या, आणि तो जे विचारील त्याचं उत्तर शोधायला त्याच्याबरोबर चालत जा.

आमच्या टेकडीची पुढची मोजणी पंधरा मेला आहे, सकाळी साडेआठनंतर.